फ्लूची लक्षणे दिसू लागल्यावर काय करावे: पहिल्या तासापासून कामावर परतेपर्यंत

ताप, अंगदुखी आणि कोरडा खोकला एकदम सुरू झाला की बहुतेक जण दोनपैकी एका टोकाला जातात. काही जण घरात उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊन कामाला लागतात, तर काही जण पहिल्याच संध्याकाळी ‘जोरदार औषध द्या’ म्हणून डॉक्टरांकडे हटून बसतात. फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूमुळे होणारा आजार आहे आणि एरवी निरोगी असलेल्या प्रौढ माणसाच्या बाबतीत तो बहुधा विश्रांती, भरपूर पाणी आणि ताप उतरवणारे साधे औषध एवढ्यावर आठवडाभरात आटोक्यात येतो. मात्र या आजारात दोन टप्पे असे येतात की तिथे गाफील राहून चालत नाही. पहिला टप्पा लक्षणे सुरू झाल्यापासूनच्या ४८ तासांचा, कारण विषाणूविरोधी औषधाचा सर्वाधिक उपयोग याच काळात होतो. दुसरा टप्पा ताप उतरू लागतो तेव्हाचा, कारण गुंतागुंत झालीच तर ती अनेकदा त्या सुमारास डोके वर काढते. स्वतःचे किंवा घरातल्या कुणाचे आजारपण पहिल्यांदाच एकट्याने निभावण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांच्यासाठी पुढील क्रम दिला आहे.

पहिली पायरी: सुरुवातीची वेळ लिहून ठेवावी

कणकण नेमकी केव्हा जाणवली, तो वार आणि तास कागदावर लिहावा. हे काम क्षुल्लक वाटते, पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि दोन रात्री तापात गेलेल्या माणसाला त्याचे खात्रीशीर उत्तर देता येत नाही. त्याच कागदावर पुढे तापाचे आकडे, घेतलेली औषधे आणि त्यांच्या वेळा नोंदवत जावे. एक ओळ साधारण अशी असावी: ‘मंगळवार, सकाळी ७, ताप १०२.२, पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅम, एक गोळी, खोकला कोरडा, लघवी रात्रीपासून दोनदा.’ एवढी माहिती पुरेशी असते, आणि काळजी घेणारी व्यक्ती बदलली तरी औषध चुकून दुप्पट दिले जात नाही.

ताप हाताने कपाळ चाचपून ठरवू नये. डिजिटल थर्मामीटर जिभेखाली धरून, ओठ मिटून, तो वाजेपर्यंत थांबावे. त्याआधी गरम किंवा थंड काही प्यायले असल्यास पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. काखेत मोजलेला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी भरतो, म्हणून कुठे मोजला तेही लिहावे आणि दर वेळी एकाच जागी मोजावा. १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक तापमान असेल तर त्याला ताप म्हणतात.

दुसरी पायरी: हा फ्लूच आहे का, याचा अंदाज घ्यावा

संसर्ग झाल्यानंतर साधारण १ ते ४ दिवसांत फ्लूची लक्षणे दिसतात आणि त्यांची ओळख पटते ती त्यांच्या झपाट्यावरून. साधी सर्दी हळूहळू चढते, आधी घसा खवखवतो, मग शिंका येतात, नाक वाहू लागते, आणि माणूस कुरकुरत का होईना, कामे उरकू शकतो. फ्लूमध्ये सकाळी ठीक असलेला माणूस संध्याकाळी थंडी वाजून पांघरुणात शिरतो, अंग मोडून येते, डोके ठणकते आणि उठून उभे राहणेही नको वाटते. लहान मुलांमध्ये उलट्या-जुलाबही होऊ शकतात. वयस्कर व्यक्तींमध्ये मात्र ताप अजिबात नसू शकतो. जेवणावरची वासना उडणे, नेहमीपेक्षा जास्त गळून जाणे किंवा बोलण्यात एकाएकी गोंधळ होणे एवढेच चिन्ह दिसते, आणि ते ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून दिले जाते. माझ्या मते घरच्यांकडून सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इथेच.

कोविड आणि फ्लू यांतला फरक केवळ लक्षणांवरून सांगता येत नाही. त्यासाठी चाचणीच करावी लागते. डासांमुळे होणारे आजार ज्या भागात आढळतात तिथे आणखी एक सावधगिरी बाळगावी. तीव्र ताप आणि अंगदुखी आहे, पण खोकला, घसादुखी किंवा सर्दी यांपैकी काहीच नाही, उलट डोळ्यांच्या मागे दुखते किंवा अंगावर पुरळ उठले आहे, तर फ्लू गृहीत धरू नये. डेंग्यू आणि मलेरियासाठी रक्ततपासणी करून घ्यावी, आणि तोवर आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, कारण डेंग्यूमध्ये या औषधांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तिसरी पायरी: आपण कोणत्या गटात आहोत ते पाहावे

पुढचे सगळे निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून आहेत. पाच वर्षांखालील मुले, त्यांतही दोन वर्षांखालील बाळे. पासष्टी ओलांडलेल्या व्यक्ती. गर्भवती स्त्रिया आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतील माता. दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार असलेले रुग्ण. कर्करोगाच्या उपचारांमुळे अथवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती कमी झालेले लोक. आणि अतिस्थूल व्यक्ती. या सर्व गटांतील लोकांना फ्लूची गुंतागुंत होण्याची शक्यता अधिक असते. यांपैकी कुणालाही लक्षणे दिसू लागल्यास ‘दोन दिवस वाट पाहू’ असा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर फोन करावा, सुरुवातीची वेळ सांगावी आणि विषाणूविरोधी औषधाची गरज आहे का, हे थेट विचारावे.

ओसेल्टामिव्हिर हे या वर्गातले सर्वाधिक वापरले जाणारे औषध आहे. प्रौढांना ते सहसा ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस दिले जाते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते. लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू केल्यास आजारपण साधारण एका दिवसाने कमी होते. निरोगी माणसाला हा लाभ फार मोठा वाटणार नाही आणि म्हणूनच प्रत्येकाला हे औषध दिले जात नाही. जोखमीच्या गटातील किंवा रुग्णालयात दाखल करावे लागलेल्या रुग्णाला मात्र डॉक्टर ते ४८ तास उलटून गेल्यावरही देतात, आणि चाचणीच्या निकालासाठी थांबतही नाहीत. मळमळ आणि उलटी हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. खाण्याबरोबर घेतल्यास ते कमी होतात. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, आणि बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडूही नये.

चाचणीबद्दल एवढे लक्षात ठेवावे की नाकातील स्रावाची झटपट चाचणी काही मिनिटांत निकाल देत असली तरी ती बऱ्याच खऱ्या रुग्णांना ‘निगेटिव्ह’ ठरवते. त्यामुळे निगेटिव्ह निकाल हातात असूनही लक्षणे स्पष्ट फ्लूची असतील, तर काळजी तशीच घ्यावी. आरटी-पीसीआर चाचणी अधिक विश्वासार्ह असते, पण निरोगी प्रौढाला साधा फ्लू झाल्यास तिची गरज सहसा भासत नाही.

चौथी पायरी: औषधे मोजून घ्यावीत

ताप आणि अंगदुखी यांवर पॅरासिटॅमॉल हा बहुतेकांसाठी सर्वांत सुरक्षित पर्याय आहे. निरोगी प्रौढाने एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम घ्यावे, दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे, शक्यतो सहा तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत एकूण ४००० मिलिग्रॅमची मर्यादा कधीही ओलांडू नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असल्यास, यकृताचा विकार असल्यास किंवा नियमित मद्यपान असल्यास ही मर्यादा बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवून द्यावी लागते.

चूक होते ती बहुधा एका वेगळ्याच वाटेने. सर्दी-तापाच्या बहुतेक संयुक्त गोळ्यांमध्ये पॅरासिटॅमॉल आधीच मिसळलेले असते. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक छापलेले असतात. त्यात पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅम, त्याखाली नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन आणि झोप आणणारे क्लोरफेनिरामिन अशी नावे सापडतात. आता समजा, एखाद्याने पॅरासिटॅमॉलच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून चार वेळा घेतल्या, तर ४००० मिलिग्रॅमची मर्यादा तिथेच गाठली गेली. त्यावर ‘सर्दीची गोळी’ म्हणून ही संयुक्त गोळी तीनदा घेतली की एकूण ५५०० मिलिग्रॅम होतात. यकृताला होणारी इजा सुरुवातीचा दिवसभर जाणवतही नाही, म्हणून तर ही चूक धोकादायक आहे. सोपा नियम असा की प्रत्येक पाकीट उलटून घटक वाचावेत आणि एकच घटक असलेली दोन औषधे एकत्र घेऊ नयेत. उच्च रक्तदाब असलेल्यांनी नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

मुलांना औषध वयावरून नव्हे, तर वजनावरून द्यावे. पॅरासिटॅमॉलची मात्रा दर किलो वजनामागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम असते. १२ किलो वजनाच्या मुलाला ती १२० ते १८० मिलिग्रॅम होते. बाटलीवर ‘५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम’ असे लिहिले असेल तर ती मात्रा ५ ते ७.५ मिलिलिटर भरते, आणि ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ असेल तर अडीच ते साडेतीन मिलिलिटरच पुरते. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या असतात, म्हणून हा आकडा दर वेळी वाचावा आणि औषध स्वयंपाकघरातल्या चमच्याने न मोजता बाटलीसोबतच्या मापाने किंवा सिरिंजने मोजावे. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नये. त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. अठरा वर्षांखालील मुलांना फ्लूमध्ये अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून मेंदू आणि यकृत यांवर परिणाम करणारा रे सिंड्रोम हा दुर्मीळ पण गंभीर विकार उद्भवू शकतो.

अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही. ते जिवाणूंवरचे औषध आहे आणि फ्लूनंतर न्यूमोनिया किंवा कानाचा संसर्ग झाल्याचे डॉक्टरांना आढळले तरच त्याचा उपयोग होतो. मागच्या आजारातले उरलेले अँटिबायोटिक किंवा ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून मिळालेली स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने घेणे टाळावे. मधुमेह, रक्तदाब किंवा दम्याची चालू औषधे मात्र आपणहून बंद करू नयेत. मधुमेह्यांनी रक्तातील साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी. खाणे कमी झाले तरी इन्सुलिन परस्पर थांबवू नये, मात्रा किती ठेवायची ते डॉक्टरांना विचारावे.

पाचवी पायरी: पाणी, झोप आणि थोडेसे खाणे

तापात घामावाटे आणि श्वासावाटे शरीरातील पाणी कमी होते, आणि तहान मात्र त्या प्रमाणात लागत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता थोड्या-थोड्या वेळाने घोट-घोट प्यावे आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. ती फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे जात आहे. गडद झाली किंवा सात-आठ तास झालीच नाही, तर पाणी कमी पडते आहे. उलट्या-जुलाब असल्यास ओआरएस द्यावे. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवावे. मिठाचे प्रमाण अंदाजाने वाढवू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी ती मर्यादा डॉक्टरांशी बोलूनच बदलावी.

खाण्याचा आग्रह धरू नये. एक-दोन दिवस भूक मंदावते आणि पचायला हलके असे जे जाईल तेवढे पुरते. बाळ अंगावर पीत असेल तर आईला फ्लू झाला तरी स्तनपान चालू ठेवावे, फक्त आईने मास्क लावावा आणि बाळाला घेण्यापूर्वी हात धुवावेत.

थंडी वाजते म्हणून तीन-तीन पांघरुणे घालून ‘घाम काढण्याचा’ प्रयत्न केल्यास अंगातली उष्णता अडकून राहते. हुडहुडी असताना एक पांघरूण असावे आणि ती थांबली की कपडे हलके करावेत. बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्याही नकोत, त्यांनी पुन्हा हुडहुडी भरते. कोमट पाण्याने अंग पुसणे पुरेसे आहे, आणि तेही आराम वाटत असेल तरच.

घशासाठी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. खोकल्यासाठी एक चमचा मध चालतो, पण एक वर्षाखालील बाळाला मध अजिबात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो. नाक मोकळे करणारा औषधी फवारा तीन दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदू लागते. साध्या मिठाच्या पाण्याच्या थेंबांना ही अडचण नाही. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाकून वाफ घेताना भाजल्याच्या घटना घडतात, म्हणून मुलांना तशी वाफ देऊच नये.

सहावी पायरी: इतरांना लागण होऊ देऊ नये

लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून ते आजारी पडल्यानंतर साधारण पाच ते सात दिवसांपर्यंत फ्लूचा रुग्ण इतरांना संसर्ग देऊ शकतो. लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण त्याहून अधिक काळ. शक्य असल्यास रुग्णाने वेगळ्या खोलीत झोपावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि कुणी आत आल्यास दोघांनीही मास्क लावावा. शुश्रूषा एकाच निरोगी व्यक्तीने करावी. गर्भवती स्त्री किंवा घरातील वयस्कर माणूस यासाठी निवडू नये. साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. टणक, गुळगुळीत पृष्ठभागावर हा विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, त्यामुळे दाराच्या कड्या, मोबाइल आणि रिमोट यांसारख्या सर्वांचा हात लागणाऱ्या वस्तू रोज पुसाव्यात. ताट-वाटी वेगळी काढून ठेवण्याची गरज नाही; नेहमीसारखी साबणाने घासली की भागते.

सातवी पायरी: धोक्याची चिन्हे ओळखावीत

प्रौढांमध्ये धाप लागणे, छातीत दुखणे किंवा दाब जाणवणे, बोलण्यात गोंधळ, जागे करूनही नीट जाग न येणे, झटके येणे, लघवी न होणे आणि उभे राहताच येत नाही इतका अशक्तपणा, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असो वा सुट्टीचा दिवस, रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून छातीतले दुखणे ‘खोकून-खोकून दुखत असेल’ असे स्वतःच ठरवू नये.

मुलांच्या बाबतीत श्वास मोजायला शिकून घ्यावे. मूल शांत असताना किंवा झोपलेले असताना त्याचा सदरा वर करावा, छाती आणि पोट उजेडात दिसेल असे बसावे, आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चौपट करू नये, कारण लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास हे जलद श्वसनाचे लक्षण आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल रडताना अश्रू येत नसतील, आठ तासांत लघवी झाली नसेल, चालायला नकार देण्याइतके पाय दुखत असतील, किंवा जागे असूनही ते आपल्याकडे लक्ष देत नसेल, तर वेळ न घालवता त्याला रुग्णालयात न्यावे. औषध देऊनही ताप १०४ अंशांच्या वर राहत असेल तरीही तेच करावे. तापात झटका आल्यास मुलाला एका कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, वेळ पाहावी आणि तातडीची वैद्यकीय मदत मागवावी. पाच मिनिटांपेक्षा लांबलेला झटका विशेष गंभीर असतो.

घरात पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे यंत्र, असल्यास हात उबदार असताना, नखाला रंग नसताना, आकडा स्थिर होईपर्यंत थांबून वाचावा. तो ९३-९४ वर रेंगाळत असेल तर डॉक्टरांना फोन करावा, आणि ९२ किंवा त्याखाली असेल तर रुग्णालय गाठावे. फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांची नेहमीची पातळीच कमी असू शकते, त्यांनी आपला आकडा डॉक्टरांकडून आधीच जाणून घ्यावा. आकडा चांगला आहे पण माणूस धापा टाकतो आहे, अशा वेळी यंत्रापेक्षा माणसावर विश्वास ठेवावा.

आणि एक चिन्ह असे आहे की ते सुधारणेच्या वेषात येते. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, माणूस उठून बसतो, घरचे निश्चिंत होतात, आणि एक-दोन दिवसांनी ताप पुन्हा चढतो, खोकला वाढतो, बेडका घट्ट किंवा गढूळ होतो. फ्लूने आधीच दुखावलेल्या फुप्फुसांत जिवाणूंनी न्यूमोनिया केल्याची ही खूण असू शकते. ‘फ्लू उलटला’ म्हणून पुन्हा पॅरासिटॅमॉलवर न भागवता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या पायरीतला कागद इथे फार उपयोगी पडतो, कारण मधले तापरहित दिवस त्यावर स्पष्ट दिसतात.

आठवी पायरी: कामावर केव्हा परतावे

ताप उतरवणारे औषध न घेता सलग २४ तास ताप आला नाही आणि इतर लक्षणेही ओसरू लागली, की घराबाहेर पडायला हरकत नाही. सकाळी गोळी घेऊन ताप दाबून शाळेत किंवा कार्यालयात जाणे यात मोजले जात नाही. त्यानंतरही चार-पाच दिवस गर्दीत मास्क लावणे इष्ट. कोरडा खोकला आणि थकवा दोन आठवडे, वयस्करांमध्ये त्याहूनही जास्त, रेंगाळू शकतो. त्यात काळजीचे कारण नाही, मात्र तो दिवसेंदिवस कमी होत गेला पाहिजे. व्यायाम आणि जड कामे टप्प्याटप्प्याने सुरू करावीत; चालताना छातीत धडधड किंवा दम जाणवला तर थांबून डॉक्टरांना विचारावे.

यंदा फ्लू होऊन गेला म्हणून पुढच्या वर्षी संरक्षण मिळेलच असे नाही, कारण हा विषाणू सतत बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर आणि दक्षिण गोलार्धासाठी स्वतंत्रपणे, लशीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस करते, आणि म्हणूनच लस दरवर्षी घ्यावी लागते. सहा महिन्यांवरील कुणालाही ती घेता येते. टोचून दिल्या जाणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसल्यामुळे तिच्यातून फ्लू होत नाही, फार तर एखादा दिवस हात दुखतो किंवा अंग कोमट लागते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आपल्या भागातला फ्लूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ती घ्यावी. जोखमीच्या गटातील व्यक्ती ज्या घरात आहे, तिथे तिच्यासोबत राहणाऱ्या सर्वांनी घ्यावी. नुकताच ताप येऊन गेला असल्यास पूर्ण बरे वाटेपर्यंत थांबून मग तारीख ठरवावी.